टाकलेल्या पानांचा हिशेब

पोकर या अमेरिकन खेळावर या सदरांत लिहावें कीं न लिहावें, याचा आम्हीं कांहीं काळ विचार केला. पत्ते म्हटले कीं जुगार आणि जुगार म्हटला कीं सर्वनाश, अशी आमच्या वडील पिढीची सरळ समजूत असे, व ती अगदींच निराधार होती असें आम्ही म्हणणार नाहीं. पैसे लावून ऑनलाइन खेळावयाच्या डावांस आपल्या देशांत २०२५ च्या कायद्यानें बंदी झाली, तीहि आम्हांस योग्यच वाटते. परंतु एका वाचकबंधूंच्या घरीं सुटींत जमलेल्या मुलांनीं चिंचोके लावून हा डाव मांडला, आणि त्यावरून चुलत्या-पुतण्यांत गणिताचा असा वाद जुंपला कीं तो निवाड्यासाठीं आमच्याकडे आला आहे. संभवनीयतेच्या शास्त्राचा पायाहि १६५४ सालीं पास्कल व फेर्मा यांच्या ज्या पत्रव्यवहारांत घातला गेला, तो एका जुगारी गृहस्थाच्या शंकेवरूनच सुरू झाला होता. तेव्हां हा वाद हातीं घेण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

खेळाच्या या प्रकारास ‘टेक्सस होल्डेम’ म्हणतात. टेक्ससच्या विधिमंडळानें २००७ सालीं रॉब्सटाउन या गांवास त्याचें जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. प्रत्येक गड्यास दोन पानें उपडीं वाटावयाचीं. मग मध्यें तीन पानें उताणीं मांडावयाचीं, पुढें चौथें, व शेवटीं पांचवें. आपलीं दोन व मधलीं पांच, या सातांतून ज्याचा पांच पानांचा हात सरस, तो मधली रास नेतो. मध्यंतरीं बोली वाढत जाते व ज्यास धीर होत नाहीं तो आपलीं पानें उपडींच टाकून डाव सोडतो. तीं पानें कोणासहि दाखविलीं जात नाहींत. वादाचें मूळ हेंच.

नऊ जण बसले होते. पुतण्याच्या हातीं बदामाचीं दोन पानें होतीं, आणि मध्यें आलेल्या तिनांतहि दोन बदाम. आणखी एक बदाम आला कीं एकाच रंगाचीं पांच पानें जमून ‘फ्लश’ होणार. तोंवर सात जणांनीं डाव सोडला होता. समोर एकच गडी उरला होता. चौथें पान बदामाचें येण्याचा संभव किती?

पुतण्या म्हणाला, “बावन्नांतून मला दिसणारीं पांच वजा केलीं कीं ४७ राहिलीं. टाकलेलीं १४ पानें आतां खेळांत नाहींत, म्हणून उरलीं ३३. बदाम नऊ बाकी आहेत. तेव्हां ३३ त ९, म्हणजे शेंकडा २७.” चुलते म्हणाले, “अरे, त्या चौदा पानांत दोन-तीन बदाम गेलेच असतील. नऊ कोठून आणतोस? सहाच धर. ४७ त ६, शेंकडा १३ देखील भरत नाहींत.”

आमच्या मतें दोघांनींहि अर्धाच हिशेब केला. पुतण्यानें टाकलेलीं पानें एकूण संख्येंतून कमी केलीं, पण त्यांबरोबर गेलेले बदाम कमी केले नाहींत; चुलत्यांनीं बदाम कमी केले, पण पानें जशींच्या तशीं ठेवलीं. न पाहिलेल्या ४७ पानांत नऊ बदाम, तर त्यांतील कोणत्याहि १४ पानांत सरासरीनें २.७ बदाम पडतात. उरलेल्या ३३ त ६.३ राहतात. ६.३ ला ३३ नें भागावें, तों उत्तर पुनः शेंकडा १९, म्हणजे ४७ त ९ चें जें उत्तर तेंच. न पाहिलेलें पान गठ्ठ्यांत आहे, टाकलेल्या ढिगांत आहे, कीं समोरच्या गड्याच्या मुठींत आहे, यानें नुसत्या मोजणींत फरक पडत नाहीं. पान दिसलें नाहीं एवढेंच खरें.

चूक लहान दिसते, पण तिची किंमत पाहावी. समजा, राशींत ३०० चिंचोके आहेत आणि टिकून राहण्यास १०० घालावे लागतात. पुढील बोलीचा विचार न करतां, व फ्लश झाल्यास डाव आपलाच असें धरून, एकाच पानापुरता हिशेब करूं. पुतण्याच्या मतें ३३ डावांत २,७०० मिळून २,४०० जातील. म्हणजे खुशाल घालावे. वस्तुतः ४७ डावांत २,७०० मिळतात व ३,८०० जातात. दर खेपेस तेवीसांहून अधिक चिंचोके बुडाले. चिंचोक्यांच्या जागीं रुपये ठेवून पाहावें! उलट राशींत ५०० असतां चुलते आपल्या हिशेबानें डाव सोडतील, व जेथें ३,८०० घालून ४,५०० यावयाचे तेथें हात आखडतील.

पान दिसलें कीं मात्र सारें बदलतें. एखाद्या मुलाच्या हातून टाकतां टाकतां दोन पानें उताणीं पडलीं व दोन्ही बदाम निघालीं, तर हिशेब ४५ त ७, शेंकडा साडेपंधरा. दोन्ही दुसऱ्या रंगाचीं निघालीं तर ४५ त ९, बरोबर वीस. पोकरचा ‘सेव्हन कार्ड स्टड’ म्हणून जुना प्रकार आहे, त्यांत प्रत्येकाचीं चार पानें उताणींच येतात आणि डाव सोडणारा तीं उपडीं करून टाकतो. तेथें कोणतें पान येऊन गेलें हें ध्यानांत ठेवणें हाच अर्धा खेळ. आपले चार बदाम व दुसऱ्यांचीं आठ पानें पाहिलीं असतां, त्या आठांत एकहि बदाम नसेल तर ४० त ९, तीन असतील तर ४० त ६. आपल्या घरांत रमी खेळतांना तासापूर्वीं कोणी कोणती राणी टाकली हें सांगणाऱ्या आजीबाई असतात. त्या या खेळांत भल्याभल्यांस भारी पडतील.

आतां एक बारकावा. गडी डाव सोडतो तो आंधळेपणानें नव्हे. पानें पाहून सोडतो. दोन एक्के हातीं असतां प्रारंभींच कोणी उठत नाहीं, म्हणून टाकलेल्या ढिगांत एक्के थोडे कमीच असावयाचे. त्याचप्रमाणें मध्यें दोन बदाम पडल्यावर ज्याच्यापाशीं आणखी दोन बदाम आहेत तो सहसा जात नाहीं. म्हणजे ढिगांत बदाम फार असतील हा चुलत्यांचा तर्क उलटाच ठरतो. पण यावरून पुतण्यानें हुरळून जाऊं नये. ढिगांत जे नाहींत ते गठ्ठ्यांतच असतील असें नाहीं. बोली वाढवीत समोर बसलेल्या त्या एका गड्याच्या मुठींतहि ते असूं शकतील. त्याच्याजवळ बदामाचा एक्का आणि दुसरें एखादें बदाम असेल, तर पुतण्याला हवीं तीं पानें ४५ त ७ च उरतात, आणि त्यांतलें एखादें आलें तरी मोठा फ्लश समोरच्याचाच होतो.