ट्रॅक्टर किल्लीस दाद देत नाहीं तेव्हां

विट्याकडील दुष्काळी पट्ट्यांत टेंभू योजनेचें पाणी आलें, द्राक्षांबरोबर ऊंसहि दिसूं लागला, आणि अनेक घरीं गोठ्याशेजारीं ट्रॅक्टर उभा राहिला. तो सकाळीं चालू होईनासा झाला म्हणजे एकत्र कुटुंबांत क्वचित् होणारें एकमत तत्काळ होतें: बॅटरी गेली! नवी आणली जाते, आणि ट्रॅक्टर पुष्कळदां जागचा हालत नाहीं. ज्या जिल्ह्यांत १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसून लोखंडी नांगर होऊं लागले, तेथें तरी कारण शोधल्यावांचून खर्च होऊं नये.

डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. हवा सोळा-अठरा पट दाबली कीं तिच्या उष्णतेनेंच डिझेल पेटतें. त्यासाठीं एंजिन वेगानें फिरलें पाहिजे. तें फिरविणाऱ्या स्टार्टरला क्षणभर शेंकडों अँपिअर प्रवाह लागतो. वाटेंतील थोडा गंजहि त्यास भारी पडतो.

प्रथम पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे अगदीं मंदावले, तर बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर हिरवट-पांढरा क्षार चढला आहे. ऋण टोकाची तार आधीं सोडावी व शेवटीं जोडावी. कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून टोकें घासावींत. तें पाणी बॅटरींत जाऊं देऊं नये, आणि जवळ विडी तर मुळींच नको, कारण बॅटरींतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. ऋण तार एंजिनास जेथें आवळलेली असते तो सांधा मात्र कोणी पाहत नाहीं. तोहि खरवडून घट्ट करावा.

दिवे तसेच राहिले, तर बॅटरीस बोल लावूं नये. नुसता 'टक्' आवाज झाला तर सोलेनॉइड वा स्टार्टर तपासावा. तोहि नसेल तर फ्यूज, किल्लीचा स्विच आणि क्लच-गिअरजवळील सुरक्षा-स्विच.

येथें कांहीं चालक पान्यानें स्टार्टरचीं टोकें जोडून एंजिन सुरू करतात. घरांत ही युक्ति चालत असेल तर आजच बंद करवावी. तिनें सुरक्षा-स्विच निरुपयोगी होतो. ट्रॅक्टर गिअरमध्यें असला तर एंजिन सुरू होतांच तो पुढें धांवतो, आणि पाना धरणारा मोठ्या चाकापुढेंच उभा असतो. अशा रीतीनें माणसें चिरडलीं गेलीं आहेत. बिघडलेला स्विच बदलावा, तारा जोडून वगळूं नये.

एंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर सुमारें चौदा व्होल्ट दिसावेत. साडेबाराच्या वर आंकडा चढतच नसेल, तर आल्टरनेटरचा पट्टा पाहावा. नाहींतर उद्यां सकाळीं तीच बॅटरी पुन्हां उतरलेली आढळेल.