शंका विचारणाऱ्याची बाजू

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामांच्या किराणा दुकानाची उधारीची वही संगणकावर उतरवून देण्याचे काम मी अंगावर घेतले. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हटली की घरच्यांना ती निम्मी सी. ए. झालीच असे वाटते! एका पानावर गिऱ्हाइकांची नावे व खाते क्रमांक, दुसऱ्यावर रोजची उधारी. एक्सेलमधल्या 'व्हीलुकअप' या सूत्राने क्रमांकावरून नाव आपोआप यायला हवे होते. ते येईना. ओळीमागून ओळ '#एन/ए'. तीन दुपारी अशा गेल्या. मामा येता-जाता विचारत, "काय गं, झालं का?" शेवटी तांत्रिक शंकांना उत्तरे देणाऱ्या एका संकेतस्थळावर (नाव मुद्दामच सांगत नाही) मी आयुष्यातला पहिला प्रश्न टाकला.

तो प्रश्न आज वाचला की माझे मलाच हसू येते. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर्स'. मग 'आय हॅव अ डाउट', 'गिव्ह मी सोल्यूशन', 'व्हेरी अर्जंट' आणि शेवटी आगाऊ आभार. सोबत मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरका फोटो. दहा मिनिटांत तीन जणांनी नापसंतीची खूण केली. एकाने विचारले, "चालत नाही म्हणजे नेमके काय होते?" दुसऱ्या कुणी माझे 'रिस्पेक्टेड सर्स' आणि आभार दोन्ही पुसून टाकले. अर्ध्या तासात 'हा प्रश्न पूर्वीच विचारला गेला आहे' असा शेरा पडून दार बंद!

मित्रहो, खरे सांगते, नापसंतीपेक्षा मला ते आभार पुसणे जास्त लागले. कुणाच्या दारी गेलो तर आधी नमस्कार, मग काम, असे आपण शिकलो. आपल्या बेळगावात तर बाजारात 'एष्टु' म्हणून थांबत नाही, 'एष्टु री?' म्हणतो. त्या एका 'री'त सगळा मान येतो. मराठीत तोच मान क्रियापदात असतो. 'उत्तर द्या' यात आर्जव आहे, हे शेंबडे पोरही जाणते. पण त्याचे 'गिव्ह' केले की 'द्या' आणि 'दे' यांतला फरकच उरत नाही आणि विनंतीचा हुकूम होतो. 'डाउट'चेही तसेच. आपण शंका या अर्थी तो शब्द वापरतो, तर परदेशातला वाचक 'हिला आमच्या म्हणण्याचाच संशय आहे' असे समजतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला हे कोण सांगणार? व्याकरणाच्या तासाला तर कुणी सांगितले नव्हते.

आता दुसरी बाजू. ती नाही असे नाही. उत्तरे देणारे लोक पगारी नसतात, आपले काम सांभाळून फुकट वेळ देतात. रोज तोच प्रश्न, तोच तिरका फोटो (त्यातले आकडे उचलून पाहताही येत नाहीत), तेच 'अर्जंट'. शिवाय त्यांच्या दृष्टीने तो प्रश्न म्हणजे खासगी पत्र नव्हे. पुढे हजार जण तोच शोधत येतील, त्यांच्यासाठी तो नीट मांडून ठेवायचा असतो. म्हणून नमस्कार-चमत्कार काढून टाकण्याचा रिवाज आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या २००८ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध स्थळावरही तो आहे. यात अपमान नाही, हे मला फार उशिरा कळले. आणि ही कुरबूर काही आजची नव्हे. अमेरिकेत युजनेटवर दर सप्टेंबरला विद्यापीठांतली नवी पोरे येत आणि जुनी मंडळी कपाळाला हात लावीत. महिन्याभरात नवे लोक रीतभात शिकत. पुढे घराघरांतून लोक येऊ लागले आणि १९९३चा तो सप्टेंबर काही संपलाच नाही, असे जुने लोक म्हणू लागले. आपल्याकडे कॉलेजचा जून असतो, तसेच.

माझे भांडण नियमाशी नाही, तो ज्या पद्धतीने तोंडावर फेकला जातो त्याच्याशी आहे. एरिक रेमंड यांचा, प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत यावरचा २००१ सालचा लेख नवख्यांच्या अंगावर नेहमी फेकला जातो. (इतका, की लोक तो वाचून लेखकांकडेच आपल्या अडचणी पाठवू लागले आणि 'आम्ही मदतकेंद्र नव्हे' असे त्यांना लिहावे लागले.) मी तो पुरा वाचला. आधी शोधा, काय करून पाहिले ते लिहा, मथळा नेमका द्या, हे सगळे पटण्यासारखे आहे. पण त्याच लेखात शेवटी उत्तर देणाऱ्यांसाठीही एक भाग आहे. सौम्य राहा, अडचणीत सापडलेला माणूस नसला तरी उद्धट किंवा मूर्ख दिसू शकतो, असे तिथे सांगितले आहे. लेख फेकणाऱ्यांपैकी कितीजण तिथवर पोचले असतील? २०१८च्या एप्रिलमध्ये तर स्टॅक ओव्हरफ्लोच्या चालकांनीच जाहीर कबूल केले की नवख्यांना, स्त्रियांना आणि इतरही अनेकांना आपली जागा परकी वाटते. त्याच वर्षी वागणुकीचे नवे नियम आले.

त्यानंतर २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि तिथले प्रश्न झपाट्याने आटले. आमच्या वर्गातही आता सगळे त्या यंत्रालाच विचारतात. ते कधी रागावत नाही, हे त्याचे मोठे आकर्षण! पण माणसांनी एकमेकांना दिलेल्या उत्तरांवरच तेही शिकले आहे. माणसांनी माणसांना विचारणेच थांबले तर उद्याची नवी उत्तरे कुठून यायची? म्हणून दारात आलेल्याला हाकलणे मला परवडणारे वाटत नाही.

माझ्या प्रश्नाचे काय झाले ते राहिलेच. ज्या जुन्या प्रश्नाकडे मला पाठवले, त्याचे उत्तर होते की सूत्रात चौथ्या जागी 'फॉल्स' लिहा. ते मी लिहिलेच होते! म्हणजे शेरा मारणाऱ्यानेही माझा प्रश्न नीट वाचला नव्हता. पण बंद दाराखालून कुणीतरी एक ओळ सरकवली : खात्याच्या क्रमांकाच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो का? दिसत होता. एका पानावरचे क्रमांक आकडे होते, दुसऱ्यावरचे अक्षरे म्हणून साठवलेले. डोळ्यांना दोन्ही १०१च, एक्सेलला मात्र निराळे. पाच मिनिटांत मामांची वही जुळली. त्या गृहस्थांचे (की बाईंचे?) आभार मी मानले. ते पुसले गेले असतील तर असोत.

परवा आपल्या संगणक कक्षात पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. "ताई, व्हीलुकअप चालत नाही." माझ्या तोंडून निघून गेले, "चालत नाही म्हणजे नेमके काय होते?" ती गप्प होऊन परत जागेवर जाऊन बसली. मी उठून तिच्या संगणकापाशी गेले. तिने चौथ्या जागी 'फॉल्स' लिहिले नव्हते.