दोष दोऱ्याचा की गाठीचा?

मासा सुटला की दोऱ्याला शिव्या द्यायच्या आणि पुढच्या वेळी जाड दोरा आणायचा, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. माझे मत असे, की बहुधा दोष दोऱ्याचा नसतो, गाठीचा असतो.

सुती दोरा खरखरीत. त्याला कशीही गाठ मारली तरी ती धरून राही. नायलॉन १९३८ साली जगापुढे आले आणि सगळेच बदलले. आम्ही कोकणात ज्याला तंगूस म्हणतो तो काचेसारखा गुळगुळीत. साधी गाठ त्यावरून निसटते, नाहीतर स्वतःलाच आवळून चिरते. एका साध्या गाठीने त्याचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे पैसे मोजायचे दहा किलोच्या दोऱ्याचे आणि भरवसा पाचाचा!

गळाच्या नेढ्यातून टोक ओवावे, मुख्य दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, टोक नेढ्यालगतच्या फटीतून काढून नव्याने झालेल्या मोठ्या फासातून घ्यावे आणि हळूहळू ओढावे. वेढे एकमेकांवर न चढता ओळीने बसले पाहिजेत. ओढण्यापूर्वी माझे वडील गाठ तोंडात धरून ओली करतात. का, म्हणून विचारले तर उत्तर येते, "तशीच मारूची असता." कारण साधे आहे. कोरडा दोरा दोऱ्यावर घासला की तापतो आणि नायलॉन नेमके तिथेच दुबळे होते. घर्षण आम्ही शाळेत शिकलो, पण ते फळ्यावरच राहिले. घरी कृती आहे, कारण नाही. वर्गात कारण आहे, कृती नाही.

शिवाय तुटलेला तंगूस सुतासारखा कुजत नाही. वर्षानुवर्षे तो खाडीत राहतो आणि बगळ्यांच्या पायांत अडकतो. तेव्हा वाईट गाठ हा केवळ गरवणाऱ्याच्या नुकसानीचा प्रश्न नव्हे.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी निबंधात लग्नगाठ, खूणगाठ हौसेने घालतो. पण निरगाठ आणि सुरगाठ हाताने मारून दाखवा म्हटले तर किती जण पुढे येतील? क्लिफर्ड ॲशले या अमेरिकन चित्रकाराने १९४४ साली गाठींचा ग्रंथ काढला, त्यात ३,८०० हून अधिक नोंदी आहेत. आपल्या खाडीकाठच्या गाठी, त्यांच्या नावांसकट, भाषेच्या विद्यार्थ्यांनी नाही लिहायच्या तर कोणी? संपादक मंडळाने पुढच्या अंकात चार पाने राखून ठेवावीत. आकृत्या काढणारे मित्र आमच्या वर्गात आहेत; गाठी मी घरून आणीन.