घर आपले, हुकूम परक्याचा

बेल्किन या अमेरिकन कंपनीने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले, की ३१ जानेवारी २०२६ नंतर तिच्या ‘वेमो’ मालिकेतील बहुतेक उपकरणांची इंटरनेटवरील सेवा बंद होईल. वार्ता लहान, परंतु तिने उपस्थित केलेला प्रश्न लहान नाही. रोख पैसे मोजून घरी आणलेली वस्तू, तिच्यात कोणताही बिघाड नसता, दूरच्या कचेरीतील एका निर्णयाने लुळी पडत असेल, तर त्या व्यवहारास विक्री तरी कसे म्हणावे?

हा प्रकार पहिलाच नव्हे. ‘रिव्हॉल्व्ह’ ही कंपनी २०१४ मध्ये ‘नेस्ट’ने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचे सुमारे ३०० डॉलरचे यंत्र निरुपयोगी झाले. ते यंत्र विकताना आजन्म सेवेची ग्वाही देण्यात आली होती! एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’ची सेवा पूर्वसूचनेवाचून थांबली. त्याच वर्षी जूनमध्ये ग्राहकांच्याच एका गटाने ती कंपनी विकत घेतली, तेव्हा कोठे सेवा पूर्ववत् होऊ लागली.

याचे मूळ यंत्राच्या रचनेत आहे. आपण दिवाणखान्यात बसून फोनवरून दिवा लावण्याची आज्ञा करतो. ती आज्ञा अनेकदा परदेशातील सर्व्हरकडे जाते आणि तेथून परत आपल्याच भिंतीपर्यंत येते. दहा हातांच्या अंतरासाठी हा हजारो मैलांचा वळसा! तो तांत्रिकदृष्ट्या अटळ नाही. ‘होम असिस्टंट’ हा २०१३ मध्ये सुरू झालेला मुक्त कार्यक्रम घरातल्याच लहानशा संगणकावर चालतो. इन्स्टिऑनची यंत्रे ज्यांनी अशा रीतीने घरातच जोडून घेतली होती, त्यांचे दिवे त्या एप्रिलमध्येही लागत होते.

सर्व्हर चालविण्यास खर्च येतो, तो कंपनीने अनंतकाळ सोसावा काय, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप रास्त आहे; परंतु तो कंपनीच्याच विरुद्ध जातो. जी सेवा कायम पुरविता येणार नाही, तिच्यावर वस्तूचा प्राण मुळात टांगावाच का? आणि स्वतःचा संगणक मांडून हा वळसा टाळणे सामान्य गृहस्थास जमणारे नाही. हक्क केवळ तंत्रज्ञांनाच उपभोगता येत असेल, तर तो हक्क नव्हे, कसब होय.

म्हणून प्रश्न कायद्याचा आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा उपकरणांना सुरक्षाविषयक सुधारणा किती काळ मिळतील, हे उत्पादकास जाहीर करावे लागते. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत टिकाऊ गृहोपयोगी वस्तूही घातल्या. त्या हक्कात वस्तूवर हुकूम चालविण्याचा हक्कही अंतर्भूत झाला पाहिजे. इंटरनेट तुटले तरी उपकरणाचे मूळ काम घरातून चालावे, सेवेची मुदत वेष्टनावर छापावी आणि सेवा थांबविताना उपकरणाची किल्ली ग्राहकाच्या स्वाधीन करावी, एवढ्या तीन अटी आमच्या मते पुरेशा आहेत.

जुन्या महाराष्ट्रात जमीन कसणाऱ्यांत मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा असे. उपऱ्याचा वास दुसऱ्याच्या मर्जीवर असे. आज स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने, आपण उपरी होऊ लागलो आहोत. सोय हवीच, परंतु तिच्या मोबदल्यात मिरास देऊन टाकण्याचे कारण नाही.