गाडीच्या पोटाखाली पत्रा मारण्यापूर्वी



उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. आपल्या जेऊर-कंदर भागात ऊस वाढला, मागाहून केळी आली आणि त्यांच्यामागे पिकअप गाड्या आल्या. या गाड्यांचा निम्मा जन्म चाकोरीत जातो. दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा वाळून दगडासारखा झाला की इंजिनच्या चेंबरला धडकतो. चेंबर फुटून तेल गेले आणि गाडी तशीच रेटली, तर इंजिन जाम झालेच म्हणून समजा. तेव्हा खाली पत्रा हवा, हे खरे.

मात्र काहीजण हौसेने गाडीचे सगळे पोटच झाकून घेतात. तसे करू नये. पत्रा व सायलेन्सर यांच्यामध्ये वाळलेले पाचट अडकते, सायलेन्सर तापतो आणि गाडी पेट घेते. शिवाय आत साठलेला चिखल महिनोन् महिने ओला राहून लोखंड खातो. झाकायचे ते फक्त चेंबर. ३ मिलिमीटर जाडीचा, २ फूट लांब व दीड फूट रुंद पत्रा सुमारे साडेसहा किलो भरतो. बहुतेकांना तेवढा पुरतो. तो चासीला आधीच असलेल्या भोकांत नट-बोल्टने बसवावा, मध्ये रबराचा तुकडा घालावा. चासीला नवी भोके पाडू नयेत, वेल्डिंगही करू नये. चासी कमजोर होते. तेल काढण्याच्या बोल्टाखाली भोक ठेवावे, पाणी निथळायला आणखी चार-सहा. पुढची कड थोडी वर वळवावी, म्हणजे ती मातीत रुतत नाही.

गंजाचे खरे कारण पुष्कळदा रस्त्यावर नसून गोणीत असते. पोटॅशमध्ये क्लोराईड असते. सांडलेले खत हवेतला ओलावा ओढते आणि फटीफटीतून लोखंड कुरतडते. खत वाहिले त्याच दिवशी हौदा झाडून गाडी खालून धुवावी. वाळल्यावर गंज तारेच्या ब्रशने खरवडून रेड ऑक्साइड लावावे, वर रंग. जळके ऑईल फवारण्याची चाल मला मुळीच पसंत नाही. त्याने रबरी बुश व ब्रेकचे पाइप फुगतात, ते ब्रेकवर गेले तर पकड सुटते, आणि त्यावर धूळ-पाचट चिकटते ते निराळेच.

गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये. काळ्या रानात जॅक खचतो. कठीण, सपाट जागा पाहावी, चाकांना दगड लावावेत आणि चासीखाली जाड लाकडी ओंडके द्यावेत. विटा नकोत, त्या एकाएकी फुटतात. ट्रॅक्टरची उलटणारी ट्रॉली वर उचलून खाली काम करायचे असेल, तर ती रिकामी करून हौद्याला भक्कम टेकू दिल्याशिवाय आत डोकेसुद्धा घालू नये. हायड्रॉलिकचा पाइप फुटला तर हौदा क्षणात खाली येतो. मूल पाना द्यायला जवळ आले, तर आधी त्याला लांब उभे करावे.