परसातील न्हाणी : घराच्या आराखड्यात राहून गेलेले काम

घर बांधावयास निघालेला शेतकरी प्रथम जोत्याची उंची ठरवितो, मग ओटी, माजघर, धान्य ठेवण्याची खोली यांचा विचार करतो. गोठ्याची जागाही चार जाणत्या माणसांस विचारून निश्चित होते. न्हाणीचा विचार मात्र उरलेल्या जागेत, उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या विटांत केला जातो. भोर व वेल्हे या तालुक्यांत (वेल्ह्यास आता राजगड हे नाव मिळाले आहे) कित्येक घरांच्या मागे याची साक्ष पटते. चार मेढी, त्यांस गुंडाळलेले जुने लुगडे किंवा खताच्या रिकाम्या गोण्या, खाली एक सपाट दगड, आणि त्या दगडापासून पायवाटेपर्यंत पसरलेला काळा चिखल, एवढीच तेथील न्हाणी असते. ही दारिद्र्याची खूण होय, असे समजण्याचा प्रघात आहे. पण तो सर्वस्वी खरा नाही. ज्या घराच्या ओटीस गुळगुळीत फरशी लागली आहे, त्याच घराच्या मागे हे गोण्यांचे आडोसे दिसतात. तेव्हा प्रश्न पैशाचा कमी आणि कामांच्या क्रमाचा अधिक आहे.

या चुकलेल्या क्रमाची किंमत घरातील स्त्रिया देतात. पुरुष नदीवर, विहिरीवर किंवा पंपाच्या धारेखाली अंग धुऊन मोकळा होतो. स्त्रीस मात्र उजाडण्यापूर्वी उठावे लागते, नाहीतर अंधार पडण्याची वाट पाहावी लागते. आषाढात दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून भातलावणी केलेली बाई सायंकाळी घरी येते, ती ओल्या वस्त्रांनिशीच चुलीपुढे बसते. कारण अंग धुण्यास आडोसा नसतो. वयात आलेली मुलगी, बाळंतीण आणि थकलेली सासू या तिघींची अडचण तर याहून मोठी. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भारतातील निम्म्याहून अधिक कुटुंबांना घराच्या आवारात स्नानाची कोणतीच सोय नसल्याचे आढळले. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाने शौचालयासाठी पात्र कुटुंबास बारा हजार रुपयांचे प्रोत्साहन दिले आणि गावोगावी शौचालये उभी राहिली. हे काम मोलाचे झाले. परंतु न्हाणीस असा कोणी वाली लाभला नाही. सबब, हे काम प्रत्येक कुटुंबाने स्वतःच्या हिमतीवर आणि ओटीच्या फरशीच्या आधी हाती घेणे अगत्याचे आहे.

रामचंद्रपंत अमात्य यांनी आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी तेथील पाणी पाहावे, असे सांगून ठेविले आहे. राजगड व तोरणा यांच्या पायथ्याशी राहणाऱ्यांस हा नियम नव्याने शिकविण्याची गरज नाही. न्हाणीच्या बाबतीत त्यास एक पुरवणी मात्र जोडली पाहिजे : पाणी येण्याची वाट पाहावी, तशीच ते जाण्याची वाटही पाहावी. जागा निवडताना ती घराच्या मागे, स्वयंपाकघराजवळ आणि उताराच्या बाजूस असावी. पाणी तापविण्याचा बंब किंवा चूल जवळ असली म्हणजे उकळत्या पाण्याचे हंडे उचलून दूर नेण्याचा धोका टळतो. शोषखड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर दूर व तिच्या खालच्या अंगास घ्यावा. घराच्या पायापासूनही तो तीन मीटर तरी दूर राहावा. जागेचा निर्णय कारभाऱ्याने एकट्याने घेऊ नये. ज्यांना तेथे रोज जावयाचे आहे त्या गृहिणीने, मुलीने व आजीने जागेवर उभे राहून, कोणत्या वाटेवरून नजर पडते हे पाहून ती निश्चित करावी.

बांधकाम साधे असावे. आत सव्वा मीटर रुंद व दीड मीटर लांब एवढी जागा पुरते. भिंती माणसाच्या डोक्यावर जातील अशा, सुमारे दोन मीटर उंच असाव्यात. खालचा मीटरभर भाग दगडाचा किंवा विटांचा करून त्यास सिमेंटचा गिलावा द्यावा. वरच्या भागास या डोंगराळ मुलखात पूर्वापार वापरात असलेला कारवीचा कूडही चालेल. तळास खडबडीत फरशी बसवून एका मीटरला अडीच सेंटिमीटर उतार द्यावा. गुळगुळीत फरशीवर म्हातारे माणूस घसरते. बसण्यास वीतभर उंचीचा ओटा, धरण्यास भिंतीत पक्का बसविलेला लोखंडी नळ, कपड्यांस उंच खुंटी, साबणास कोनाडा आणि दारास आतून कडी असावी. उघडी न्हाणी ऊन व वारा खेळता राहिल्याने कोरडी राहते, हे खरे. तथापि पश्चिम भागातील मुसळधार पावसात निदान अर्ध्या भागावर पत्रा हवाच. पत्रा व भिंत यांमध्ये फूटभर फट ठेवावी आणि पत्र्याचे पाणी बाहेर पडेल असा उतार द्यावा. एरवी पावसाचे पाणी शोषखड्डा भरून टाकते.

सांडपाण्याकडे दुर्लक्ष झाल्यास न्हाणी ही सोय न राहता डासांचे आगर बनते. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन डासांवर मात केली, हे उदाहरण राज्यभर सांगितले जाते. एक मीटर लांब, रुंद व खोल असा खड्डा घेऊन तळाशी मोठे दगड, त्यावर मध्यम दगड व वर बारीक खडी भरावी. पाणी खड्ड्यात जाण्यापूर्वी नारळाच्या काथ्याने भरलेल्या लहान हौदीतून जावे, म्हणजे साबणाचा मळ व केस तेथेच अडतात. हा काथ्या आठवड्यास धुवावा. ही रचना काळ्या मातीत व खडकावर तशीच्या तशी चालत नाही. जेथे हातभर मातीखाली खडक लागतो, तेथे खोल खड्ड्याऐवजी उतारास आडवा, तीन-चार मीटर लांबीचा उथळ चर दगडांनी भरून घ्यावा आणि त्याच्या कडेस कर्दळ व केळी लावावी. न्हाणीचे पाणी शौचालयाच्या खड्ड्यात मात्र कधीही सोडू नये. तो अकाली भरतो.

पाण्याचा हिशेबही येथेच केला पाहिजे. पानशेत व वरसगाव पुण्यास पाणी देतात, भाटघर व नीरा-देवघर खालच्या सपाटीवरील शेते भिजवितात. परंतु त्याच धरणांच्या वर असलेल्या वाड्या-वस्त्यांवर चैत्र-वैशाखात हंड्यांनी पाणी आणावे लागते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनचे प्रमाण माणशी दररोज ५५ लिटर आहे. शहरी धर्तीचा फवारा मिनिटास आठ-दहा लिटर पाणी सोडतो. पाच मिनिटांच्या स्नानात पन्नास लिटर सहज संपतात. बादलीच्या स्नानास वीस लिटर पुरतात. फवाऱ्याची हौस असल्यास न्हाणीच्या भिंतीवर पन्नास लिटरचे काळे पिंप पक्क्या आधारावर ठेवून त्यास तोटी व झारीचे तोंड बसवावे. दुपारच्या उन्हाने पाणी कोमट होते आणि किती पाणी उरले हेही कळते. पाच माणसांच्या स्नानाचे शंभर लिटर पाणी उन्हाळ्यात वाया न घालविता शेवगा, नारळ, लिंबू व केळी यांस दिल्यास परसबाग तगून राहते. कच्च्या खावयाच्या पालेभाज्यांस मात्र ते घालू नये.

न्हाणी हा शेतीच्या सुरक्षिततेचाही भाग आहे. कीटकनाशक फवारून आलेल्या माणसाने तसेच माजघरात जाऊन मुलास जवळ घेणे धोक्याचे असते. अंगणातूनच न्हाणीत जावे, साबणाने अंग धुवावे आणि ते कपडे इतरांच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. त्या दिवशीचे पाणी परसबागेस न देता शोषखड्ड्यातच सोडावे.

नदी जवळ असता न्हाणीवर खर्च कशास, असा प्रश्न वडीलधारी मंडळी करतात. नदी जवळ आहे खरी. परंतु ती आडोसा देत नाही, आजारी माणसाच्या अंगणात येत नाही आणि पावसाळ्यात कोणाची गय करीत नाही. मार्गशीर्षात भाताची मळणी उरकते, हातात थोडा पैसा असतो व मजुरास सवड असते. जमीनही तेव्हा खणावयास मऊ असते. हा काळ या कामास उत्तम होय. बैलाच्या दावणीवर छप्पर घालण्यास ज्या घराने कधी विलंब लावला नाही, त्या घराने आपल्या लेकीसुनेस चार भिंतींचा आडोसा देण्यास आणखी एका पावसाळ्याची वाट पाहावयास लावू नये.