कोल्हापूरची व्होटबँक नेमकी कुणाची?

निवडणूक संपली की आमच्या मतांचा हिशेब मांडायला दोन प्रकारचे लोक बसतात. एक म्हणतो, "मुसलमानांनी एकगठ्ठा मतं टाकली." दुसरा म्हणतो, "मुस्लिम समाज कायम आमच्याच पाठीशी असतो." पहिल्याच्या बोलण्यात राग असतो, दुसऱ्याच्या बोलण्यात माया. पण मुसलमान मतदाराला स्वतःचं डोकं नसतं, हे दोघांनीही धरून चाललेलं असतं. २०२४च्या लोकसभा निकालानंतर पहिल्या प्रकाराला ‘व्होट जिहाद’ असं नवं नाव मिळालं. म्हणून मी आज कोल्हापूर लोकसभा मतदारसंघाचा इतिहासच समोर ठेवतो. वाचा आणि या आरोपात किती दम आहे ते तुम्हीच ठरवा.

कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. विलीनीकरणासाठी रत्नाप्पा कुंभार लढले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत काँग्रेस पडली. तेव्हा मतदारसंघ द्विसदस्यीय होता. शेकापचे भाऊसाहेब महागावकर आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे एस. के. दिगे निवडून आले. १९६२, १९६७ आणि १९७१ मध्ये पुन्हा काँग्रेस. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये शेकापचे दाजीबा देसाई. म्हणजे पहिल्या पंचवीस वर्षांतच या मतदारसंघाने दोनदा काँग्रेसला घरी बसवलं आणि दोन्ही वेळा राज्यात, देशात जे वारं होतं त्याच वाऱ्याबरोबर तो गेला.

पुढचा काळ गटांचा. १९८० ते १९९८ उदयसिंगराव गायकवाड, १९९८ ते २०१४ सदाशिवराव मंडलिक. चौतीस वर्षांत खासदार दोनच! त्यातही मंडलिकांचा प्रवास बघा. १९९८ला काँग्रेस, १९९९ आणि २००४ला राष्ट्रवादी, २००९ला अपक्ष. राष्ट्रवादीने तिकीट नाकारलं, संभाजीराजे छत्रपतींना उभं केलं, तरी मंडलिक सुमारे ४५ हजारांनी निवडून आले. कोल्हापूरकर राजघराण्यापुढे मान झुकवतो, पण मत देताना गट बघतो, कारखाना बघतो, दूध संघ बघतो, जिल्हा बँकेत कोण बसलंय ते बघतो.

या सगळ्यात मुसलमान कुठे होता? जिथे बाकीचे होते तिथेच. कागलकडचा मुस्लिम ऊस उत्पादक आपल्या कारखान्याच्या गटात होता. लक्ष्मीपुरीतला बागवान, गल्लीतला शिकलगार, अत्तार, तांबोळी हे आपापल्या पेठेतल्या, तालमीतल्या पुढाऱ्याबरोबर होते. एकाच मशिदीत खांद्याला खांदा लावून नमाज पढणारे दोघे भाऊ प्रचारात एकमेकांविरुद्ध फिरताना मी कितीतरी वेळा पाहिलेत. याला एकगठ्ठा म्हणत असाल तर या जिल्ह्यात प्रत्येक जात, प्रत्येक गाव एकगठ्ठाच आहे.

२०१४ मध्ये धनंजय महाडिक राष्ट्रवादीकडून संजय मंडलिकांना सुमारे ३३ हजारांनी हरवून जिंकले. २०१९ मध्ये त्याच दोघांत पुन्हा लढत झाली. महाडिक आघाडीचे उमेदवार, पण काँग्रेसच्या सतेज पाटलांनी ‘आमचं ठरलंय’ म्हणत उघड विरोधात काम केलं आणि शिवसेनेचे मंडलिक अडीच लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. सतेज पाटलांच्या गटातले मुस्लिम कार्यकर्ते तेव्हा काय करत होते? गटातले इतर जे करत होते तेच. ज्या पक्षाची भीती आम्हाला वर्षानुवर्षे दाखवली गेली, त्याच्या धनुष्यबाणाचं काम आमच्या पोरांनी केलं, कारण गटाचं ‘ठरलं’ होतं. तेव्हा कुणाला जिहाद दिसला नाही.

आता २०२४. काँग्रेसचे शाहू छत्रपती सुमारे दीड लाखाने विजयी झाले. हे मताधिक्य आलं कुठून? मोठा वाटा करवीर आणि राधानगरीचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या गावांचा. शहरातल्या जागांवरची आघाडी त्या मानाने थोडी होती. आणि ज्या कागलने १९९९ पासून हसन मुश्रीफांना आमदार केलं, तिथे मंडलिक पुढे होते, कारण मुश्रीफ महायुतीत होते आणि मंडलिकांचं घरही कागलचंच. शक्तिपीठ महामार्गावरचा शेतकऱ्यांचा राग, पक्षफुटीचा राग आणि महाराजांबद्दलचा आदर यातून हा निकाल लागला. मुसलमानांची मतं महाराजांना मिळाली हे खरंच आहे. पण ती या जिल्ह्यातल्या मराठा, दलित, धनगर, लिंगायत मतांच्या सोबतीने मिळाली. एकट्याच्या जोरावर इथे आम्ही कुणालाही खासदार करू शकत नाही, आणि हे आरोप करणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

शंका असेल तर पाच महिन्यांनी काय झालं ते बघा. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेत चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर या सहापैकी एकही जागा महाविकास आघाडीला मिळाली नाही. मुसलमान तेच, यादी तीच, मतदान केंद्रंही तीच. जूनमध्ये ज्या ‘जिहाद’ने खासदार केला तो नोव्हेंबरमध्ये कुठे गेला? आणि कागलमध्ये मुश्रीफांना सहाव्यांदा ज्यांनी निवडून दिलं, त्यात हिंदूच बहुसंख्य आहेत. त्या मतदानाला काय नाव द्यायचं?

इथवर वाचून आघाडीतले माझे मित्र माना डोलावतील. त्यांच्याशीही बोलायचं आहे.

१९५२ पासून कोल्हापूरने एकही मुस्लिम खासदार दिल्लीला पाठवलेला नाही. कोल्हापूर सोडा, २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर आघाडीने मुस्लिम उमेदवार दिला नाही. काँग्रेसच्या नसीम खान यांनी त्यावर जाहीर नाराजी दाखवत प्रचारातून अंग काढलं, तेव्हा उत्तर आलं ते ‘ही वेळ नाही’ या सुराचं. आमची वेळ कधीची असते? मतं मागताना संविधान धोक्यात असतं आणि उमेदवारी वाटताना ‘निवडून येण्याची क्षमता’ आठवते. मग कागलमध्ये सहा वेळा जे घडलं ते काय होतं?

‘पुरोगामी कोल्हापूर’ हा शब्द तर आता जखमेवर फुंकर घालण्यापुरता उरलाय. राजर्षी शाहूंनी १९०२ मध्ये निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्यात मुसलमानही होते. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू झालं. राजर्षींना मुसलमान शिकलेला हवा होता, आजच्या पुढाऱ्याला तो मोजलेला हवा आहे. ७ जून २०२३ ला मोबाइल स्टेटसवरून शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं, तेव्हा दुकानांच्या काचा फुटताना ‘पुरोगामी’ शब्द कुणाच्या आड उभा राहिला नाही.

१४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरं आणि मशीद फोडली गेली. गाव शाहूवाडी तालुक्यातलं, म्हणजे हातकणंगले मतदारसंघातलं. तरी शाहू महाराज तिथे गेले आणि ज्या मोर्चाची हाक त्यांच्याच मुलाने दिली होती, त्या दिवशी घडलेल्या प्रकाराचा त्यांनी निषेध केला. याचं मोल मी कमी मानत नाही. पण त्या वेळी जिल्ह्याचे पालकमंत्री मुश्रीफच होते आणि त्यांच्या त्या खुर्चीत असण्याने गजापूर थांबलं नाही, हेही विसरता येणार नाही. म्हणून ‘आपला माणूस द्या’ एवढीच मागणी घेऊन बसलो तर हाती एक नाव येईल, बाकी काही नाही.

तेव्हा शेवटचं बोलणं आपल्या लोकांशी. मित्रहो, आपण मत देतो ते बऱ्याचदा कुणाला तरी पाडण्यासाठी. भीतीपोटी दिलेल्या मताची किंमत मतदानाच्या आदल्या रात्रीच संपते, कारण घेणाऱ्याला माहीत असतं की हे मत दुसरीकडे जाणार नाही. मोहल्ल्यातले चार ठेकेदार ‘इतकी घरं माझी’ म्हणून नेत्याला आकडा सांगतात आणि आपल्या नावावर स्वतःचं काम करून घेतात. खरी व्होटबँक हीच, आणि तिचे मालक आपण नाही.

उपाय अवघड नाही. उमेदवार दारात आला की तीन प्रश्न विचारा. ७ जून २०२३ ला आणि गजापूरनंतर तुम्ही कुठे होता, काय बोललात? मौलाना आझाद फेलोशिप आणि पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती २०२२ मध्ये केंद्राने बंद केली, त्यावर तुम्ही किंवा तुमच्या पक्षाने सभागृहात काय विचारलं? आणि महापालिका, जिल्हा परिषदेत मुस्लिमबहुल नसलेल्या भागातून तुम्ही किती मुस्लिमांना तिकीट देणार? नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर महापालिका वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिली. गल्लीतली गटार तुंबली तरी बोलायला नगरसेवक नव्हता. या प्रश्नांत नुसता आपला नव्हे, शेजारच्या घराचाही वाटा आहे, म्हणून ते शेजाऱ्याला सोबत घेऊन विचारा.

उत्तरं वहीत लिहून ठेवा आणि पाच वर्षांनी तीच वही घेऊन बसा. ज्या दिवशी कोल्हापुरातल्या पुढाऱ्याला मुस्लिम मोहल्ल्यात येताना पोटात थोडी धाकधूक होईल, त्या दिवसापासून आपण मतदार झालो असं मी मानेन.